५,२२७ डॉलरचे हेलिकॉप्टर

ऑस्ट्रेलियाची संसद कॅनबेरात भरते. पर्थ तिथून विमानमार्गे तीन हजार किलोमीटरांहून दूर आहे, आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातला ड्युरॅक हा एकच मतदारसंघ १३ लाख चौरस किलोमीटरांपेक्षा मोठा आहे. अशा देशात खासदाराने पदरमोड करून फिरावे, असे कोणी म्हणत नाही. विमानाचे तिकीट, सरकारी गाडी, मुक्कामाचा रात्रीमागे ठरलेला भत्ता, प्रसंगी भाड्याचे विमान आणि कुटुंबीयांसाठी वर्षातून काही फेऱ्या, हे सारे करदात्यांच्या पैशातून मिळते. सवलती असाव्यात यावर फारसा वाद नाही. भांडण होते ते संसदेचे काम कुठे संपते आणि पक्षाचे किंवा घरचे काम कुठे सुरू होते यावर.

ही सीमा अनेक वर्षे जाणूनबुजून धूसर ठेवली गेली. कॅनबेरातल्या मुक्कामाचा भत्ता ठोक मिळे, हॉटेलची पावती दाखवावी लागत नसे. त्यामुळे पत्नीच्या मालकीच्या घरात राहूनही तो घेता येई. खजिनदार असताना जो हॉकी यांनी तसा घेतला, तेव्हा टीका झाली, पण नियमभंग काही नव्हता.

भत्त्यांवरून सरकार हादरले ते १९९७ मध्ये. जॉन हॉवर्ड यांच्या मंत्रिमंडळातले जॉन शार्प, डेव्हिड जल आणि पीटर मॅकगॉरन हे तीन मंत्री सप्टेंबरात पायउतार झाले. शार्प यांनी चुकीच्या दाव्यांची रक्कम गाजावाजा न करता परत केली होती, आणि ते ठाऊक असूनही संसदेला न सांगितल्याचा ठपका जल यांच्यावर आला. या धक्क्यानंतर १९९८ मध्ये एक कार्यपद्धती आली. ती तत्कालीन मंत्री निक मिंचिन यांच्या नावाने ओळखली जाते. तक्रार आधी सरकारी खात्याकडे जायची, खासदाराला खुलाशाची संधी मिळायची, गंभीर प्रकरणच पोलिसांकडे जायचे. व्यवहारात तिचा अर्थ उरला एवढाच: पकडले गेलात तर पैसे भरा, विषय मिटला. २०१३ मध्ये मित्रांच्या आणि सहकाऱ्यांच्या लग्नांना सरकारी खर्चाने गेल्याचे उघड झाले, तेव्हा जॉर्ज ब्रँडिस, बार्नबी जॉइस आणि खुद्द पंतप्रधान टोनी अ‍ॅबट यांनी पैसे परत केले आणि तिघेही पदावर राहिले. त्याच वर्षी सरकारने चुकीच्या दाव्यांवर २५ टक्के दंड लावला.

मग आले हेलिकॉप्टर. प्रतिनिधीगृहाच्या अध्यक्ष ब्रॉनविन बिशप नोव्हेंबर २०१४ मध्ये मेलबर्नहून जिलाँगजवळच्या एका गोल्फ क्लबवर लिबरल पक्षाच्या निधिसंकलनाला गेल्या. मोटारीने तासाभराची वाट. त्यांनी हेलिकॉप्टर भाड्याने घेतले, बिल झाले ५,२२७ डॉलर. जुलै २०१५ मध्ये ते बाहेर आले आणि तीन आठवडे दुसरा विषय राहिला नाही. बिशप यांनी दंडासह पैसे भरले, पण माफी मागायला बराच वेळ घेतला, आणि मागितली तोवर तिला किंमत उरली नव्हती. २ ऑगस्टला त्यांना अध्यक्षपद सोडावे लागले. पुढल्या वर्षी पक्षाने त्यांना उमेदवारीही दिली नाही. संसदेच्या अंदाजपत्रकात ही रक्कम किरकोळ होती, पण हेलिकॉप्टर कोणालाही डोळ्यांसमोर आणता येते. मुक्काम भत्त्याचे कलम तसे आणता येत नाही, म्हणूनच त्यावर एवढा गदारोळ कधी झाला नाही.

बिशप यांच्या आधीचे एक अध्यक्ष पीटर स्लिपर यांचे प्रकरण लोकांच्या तेव्हा ताज्या आठवणीत होते. २०१० मध्ये कॅनबेरा परिसरातल्या वाइनरींना जाण्यासाठी त्यांनी सरकारी टॅक्सी व्हाउचर वापरली होती, एकूण ९५४ डॉलरची. त्यांच्यावर फौजदारी खटला चालला आणि २०१४ मध्ये शिक्षा झाली. ती २०१५ च्या फेब्रुवारीत अपिलात रद्द झाली. एकावर ९५४ डॉलरसाठी खटला, दुसऱ्यावर पाच हजारांसाठी फक्त वसुली! हा फरक समजावून सांगणे कोणत्याच पक्षाला जमले नाही. बिशप यांच्यावर तुटून पडणारे मजूर पक्षाचे टोनी बर्क यांचाही कुटुंबासह उलुरूचा बिझनेस क्लासचा प्रवास लगेच उघड झाला. त्याचे पैसे त्यांनी २०२० मध्ये भरले. हात दोन्ही बाजूंचे बरबटलेले असल्याने सुधारणेची घाई कोणालाच नव्हती.

ती घाई करणे भाग पाडले सुझन ली यांनी. आरोग्यमंत्री असताना मे २०१५ मध्ये त्या सरकारी दौऱ्यावर क्वीन्सलंडला गेल्या आणि त्याच फेरीत गोल्ड कोस्टवर ७,९५,००० डॉलरचा फ्लॅट घेऊन आल्या. खरेदी आधी ठरलेली नव्हती, हे त्यांचे म्हणणे फार थोड्यांना पटले. १३ जानेवारी २०१७ ला त्यांनी राजीनामा दिला. ही वेळ सरकारला फार वाईट होती. नेमक्या त्याच आठवड्यांत कल्याण योजनांच्या लाभार्थींना संगणकाने काढलेल्या थकबाकीच्या नोटिसा जात होत्या आणि ती रक्कम देणे नाही, हे सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावरच टाकला होता. ‘रोबोडेट’ नावाने कुप्रसिद्ध झालेली ही योजना पुढे बेकायदा ठरली आणि २०२३ मध्ये शाही आयोगाने तिची कठोर चिरफाड केली. बेरोजगाराला नोटीस आणि मंत्र्याला खुलाशाची संधी, हा विरोधाभास दाखवायला तेव्हा कोणा विश्लेषकाची गरज नव्हती.

पंतप्रधान माल्कम टर्नबुल यांनी मग भत्त्यांचा आढावा घेणाऱ्या आधीच्या समितीचा पडून राहिलेला अहवाल बाहेर काढला. निवृत्त खासदारांचा मोफत प्रवासाचा ‘गोल्ड पास’ माजी पंतप्रधान वगळता बंद झाला. खर्च तपासणारे स्वतंत्र संसदीय खर्च प्राधिकरण जुलै २०१७ पासून वैधानिक झाले. जानेवारी २०१८ पासूनच्या कायद्याने कसोटी घातली: प्रवासाचे प्रमुख कारण संसदीय कामच हवे, खर्च किफायतशीर हवा आणि जबाबदारी खासदाराची स्वतःची. प्रत्येकाचा खर्च दर तिमाहीला प्रसिद्ध होऊ लागला. २५ टक्के दंडापेक्षा या प्रसिद्धीचाच धाक मोठा, कारण पत्रकार त्या तक्त्यांमधूनच बातम्या काढतात.

या काळात विश्वास किती घसरला हे ऑस्ट्रेलियन निवडणूक अभ्यासात दिसते. सत्तेतल्या लोकांवर विश्वास ठेवता येतो असे मानणारे १९६९ मध्ये ५१ टक्के होते, २००७ मध्ये ४३ आणि २०१९ मध्ये २५. २०२२ मध्ये आकडा ३० वर आला. या घसरणीचे सारे खापर भत्त्यांवर फोडणे चूक ठरेल. २०१० ते २०१८ दरम्यान पंतप्रधान चार वेळा पक्षांतर्गत बंडाने बदलले, त्याचा वाटा बहुधा मोठा असावा. मात्र भत्त्यांची प्रकरणे मतदाराला आधीच आलेल्या संशयाचा हातात धरता येईल असा पुरावा पुरवतात.

नव्या नियमांनी प्रश्न सुटला नाही, त्याचे रूप बदलले. डिसेंबर २०२५ मध्ये दळणवळण आणि क्रीडामंत्री अनिका वेल्स यांच्या न्यूयॉर्क दौऱ्याच्या विमान तिकिटांचा आणि कुटुंबाच्या प्रवासाचा खर्च गाजला, तेव्हा सगळे नियमात बसते, हाच त्यांचा बचाव होता. त्यांनी स्वतःच आपले प्रकरण प्राधिकरणाकडे सोपवले. कुटुंबाच्या प्रवासाची तरतूद लहान मुलांच्या आयांना संसदेत टिकता यावे यासाठीही लागते, त्यामुळे ती सरसकट काढून टाकायला फारसे कोणी तयार नाही. तिची मर्यादा किती असावी, एवढ्यावरच आता वाद उरला आहे.