चुन्याचा एक हात

अजिंठ्याचा घाट उतरला की फर्दापूर लागते. दिवाळीच्या तोंडावर लेणी पाहायला गेलो, तेव्हा गावात एका घराला चुना देणे चालले होते. घरच्या बाई म्हणाल्या, "एक हात मारला की भिंत नवी, भाऊ!"

लेण्यांतली भिंतही याच जातीची. खडकावर मातीचा गिलावा, त्यात भाताचा तूस नि काडीकचरा; वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग. पुष्कळजण याला 'फ्रेस्को' म्हणतात. पण तो ओल्या चुन्यावर रंगवतात. पहिल्या लेण्याच्या छतावर परदेशी पेहरावातली मंडळी मद्याचे पेले घेऊन बसली आहेत. समुद्रापलीकडची ही चैन या डोंगरात चितारणाऱ्याने कुठे पाहिली असेल?

१९२०-२२ मध्ये निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञ बोलावले. सुटणारा गिलावा त्यांनी सावरला खरा, पण चित्रांवर दिलेले लाखेचे व्हार्निश पुढे पिवळे पडले. ते उतरवणे म्हणजे नखाएवढ्या जागेवर बेताने केलेले काम. इथे दुसरा हात मारायची सोय नाही.

संध्याकाळी परतलो. सकाळी राखाडी दिसणारी ती ओली भिंत वाळून पांढरीशुभ्र झाली होती.