रेंज फुल, पण बोलणं पोचलं का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय.

बीटेकला कम्युनिकेशन शिकवताना फळ्यावर एक आकृती काढतात. बोलणारा, मधलं माध्यम, ऐकणारा. आम्हा इंजिनिअर लोकांचं सगळं लक्ष मधल्या डब्यावर: टॉवर, रेंज, स्पीड. पण रेंज फुल असूनही बोलणं अडतं, आणि ते आपल्या गोंदिया जिल्ह्यातच बघायला मिळतं. सालेकसा, देवरीकडे अनेक घरांत गोंडी बोलतात. कस्टमर केअरला फोन लावला की हिंदीसाठी एक, इंग्रजीसाठी दोन, फार तर मराठीसाठी तीन दाबा. गोंडीसाठी बटणच नाही.

फोनचं एक वेळ सोडा. फक्त गोंडी बोलणारी आजी दवाखान्यात गेली, तर दुभाषी म्हणून नातू उभा. बाईमाणसाचं दुखणं नातवासमोर सांगायचं कसं? ती म्हणणार, 'बरं आहे.' डॉक्टर तेच लिहून घेणार.

आता ही काही मूठभर लोकांची भाषा नाही. 2011 च्या जनगणनेत सुमारे 29 लाख 84 हजार लोकांनी ती मातृभाषा म्हणून सांगितली. पण हे लोक महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा असे विखुरलेले. इकडे शाळा मराठीत, तिकडे हिंदीत, पलीकडे तेलुगूत. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतही गोंडी नाही. माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेत सगळीकडचे गोंड एकत्र येतात, तेव्हा एकाच भाषेचे किती प्रकार झालेत ते कानावर पडतं.

लिपीची गोष्ट तर भारीच आहे. आपल्या शेजारच्या बालाघाटचे मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी 1918 मध्ये गोंडीसाठी लिपी तयार केली. युनिकोडमध्ये ती आली 2017 साली. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला दिलेला एक नंबर. तो नसेल तर फोनला तुमचं अक्षर अक्षर म्हणून कळतच नाही. म्हणजे 99 वर्षं! 2018 मध्ये गुंजाला गोंडी ही दुसरी लिपीही आली. तिची हस्तलिखितं तेलंगणात आदिलाबादकडच्या गुंजाला गावात सापडली होती. पण नंबर मिळाला म्हणून कीबोर्ड आणि वाचणारे आपोआप येत नाहीत ना.

म्हणून मला 'सीजीनेट स्वर' जास्त आवडतं. पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी 2010 मध्ये छत्तीसगडमध्ये हे सुरू केलं. मिस्ड कॉल द्यायचा, सिस्टीम परत फोन करते. एक दाबून आपलं म्हणणं रेकॉर्ड करा, दोन दाबून इतरांचं ऐका. गोंडीतही चालतं. ना इंटरनेट, ना लिहिता-वाचता येण्याची अट. हँडपंप बंद आहे, मजुरी अडकली आहे, असं लोक सांगायचे आणि शेवटी संबंधित साहेबांचा नंबर द्यायचे. मग ऐकणारे कुठून कुठून त्या साहेबांना फोन लावायचे!

कोडिंगच्या नजरेनं बघाल तर यात फार काही नाही, साधं आयव्हीआर आहे. पण आपल्याकडे माहिती वरून खाली येते: योजना, जाहिरात, सूचना. इथे ती खालून वर गेली, तीही सांगणाऱ्याच्या भाषेत.

तुमच्या घरी कुणी गोंडी किंवा पोवारी बोलत असेल, तर त्यांची परवानगी घेऊन एक मिनिटाचा व्हॉइस नोट पाठवा. विषय कुठलाही चालेल. पुढच्या भागात ऐकवू, अर्थासकट.