नाव, हुद्दा, पलटण : रियाधमध्ये सैनिकांचं स्मरण कसं करावं

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या गावच्या 46 जवानांचं स्मारक आहे. पुण्यात घोरपडीजवळ युद्धस्मारक आहे. दिल्लीत 25 फेब्रुवारी 2019 रोजी राष्ट्रीय युद्धस्मारकाचं उद्घाटन झालं, तेव्हा तिथल्या भिंतींवर 25,942 नावं सोनेरी अक्षरांत कोरलेली होती. रियाधमध्ये आपल्या सैनिकांसाठी असं काही नाही. सौदी अरेबियात 25 लाखांहून अधिक भारतीय राहतात. त्यांत सैन्यातून निवृत्त होऊन इथे नोकरीला आलेले आहेत, आणि मुलांकडे व्हिजिट व्हिसावर येणारे सातारा-कोल्हापूरकडचे सुभेदार, हवालदारही आहेत. अशी दहा-वीस मराठी घरं एकत्र येऊन स्मरणाचा छोटा कार्यक्रम करणार असतील, तर तो कसा करावा, हे नीट समजून घेऊ.

पहिला प्रश्न जागेचा. सौदीत परवानगीशिवाय सार्वजनिक मेळावा भरवता येत नाही. म्हणून दूतावासाचं आवार, शाळेचं सभागृह किंवा कंपाउंडमधला हॉल, हेच पर्याय राहतात, आणि तिथेही जबाबदार माणसाची संमती आधी घ्यावी. 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीला राजनैतिक वसाहतीतल्या दूतावासात राजदूत झेंडा फडकवतात, राष्ट्रगीत होतं, राष्ट्रपतींचा संदेश वाचला जातो. त्या कार्यक्रमाला जाणं हाही मान आहे, पण तो राष्ट्राचा दिवस असतो. सैनिकांचा दिवस वेगळा. 26 जुलै हा कारगिल विजय दिवस, 16 डिसेंबर हा 1971 च्या विजयाचा. 14 जानेवारी हा माजी सैनिकांचा दिवस, कारण 1953 मध्ये याच तारखेला जनरल करिअप्पा सेवानिवृत्त झाले. जुलैत इथे शाळांना सुट्टी असते, ऊन अंग भाजून काढतं आणि बरीच कुटुंबं गावी गेलेली असतात. म्हातारी माणसं येणार असतील तर जानेवारी बरा. जवळचा शनिवार धरावा आणि सकाळी अकराची वेळ ठेवावी. जोहरची अजान साधारण पावणेबारा-बाराच्या सुमारास होते. मौनाच्या मध्येच अजान सुरू होणं दोहोंचाही मान राखत नाही.

आता मूळ विधी. पुष्पचक्र वाहतात, रक्षकांची तुकडी 'शोक शस्त्र' करून बंदुका उलट्या धरते, बिगुलावर लास्ट पोस्ट वाजते, दोन मिनिटं शांतता, आणि मग बिगुलाची दुसरी धून, राउझ. लास्ट पोस्ट हा मुळात छावणीत दिवसाच्या शेवटी, पहाऱ्यांची शेवटची पाहणी झाल्याचा इशारा. राउझ म्हणजे सकाळी उठवण्याचा. मधली दोन मिनिटं म्हणजे त्यांच्यामधली रात्र. हे कळलं की टाळ्या का वाजवायच्या नाहीत, हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. दोन मिनिटांची ही प्रथा पहिल्या महायुद्धानंतर, 1919 पासून ब्रिटिश साम्राज्यभर रुजली. भारतात 30 जानेवारीला सकाळी अकरा वाजता ती पाळतात. जिथे भोंगे आहेत तिथे 10:59 ला इशारा होतो आणि 11:02 ला सुटका.

आपल्याकडे बिगुलवाला नसेल. ध्वनिमुद्रण लावायचं असेल तर ते आधी फोनवर उतरवून घ्यावं, म्हणजे मध्येच जाहिरात वाजणार नाही, आणि तो फोन फ्लाइट मोडवर ठेवावा. घड्याळ धरायला एकच माणूस नेमावा. दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं. पस्तीस सेकंदांत "धन्यवाद, बसा" म्हणणारा सूत्रसंचालक मी पाहिला आहे, आणि पुढच्या रांगेतल्या वृद्ध सैनिकाचा चेहराही. उभं राहताना हात बाजूला, पाय जुळलेले, नजर समोर. साध्या कपड्यातल्या नागरिकाने सैनिकासारखा सॅल्यूट करण्याची गरज नाही. मुलांना हे आधी सांगावं. ती करून दाखवतात तेव्हा कौतुक होतं, पण त्या क्षणी कौतुकाची जागा नसते.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते नावांचं वाचन. त्याचं कारण इथून उत्तरेला, कुवेत ओलांडल्यावर लागणाऱ्या बसऱ्यात आहे. पहिल्या महायुद्धात सहावी पूना डिव्हिजन मेसोपोटेमियात उतरली. तिच्यात 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणी होत्या. डिसेंबर 1915 मध्ये कुत-अल-अमारात ही फौज वेढली गेली. 147 दिवस वेढा चालला, अन्न संपलं, आणि 29 एप्रिल 1916 रोजी शरणागती पत्करावी लागली. त्या मोहिमेत ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत, अशा 40,000 हून अधिक जणांसाठी बसऱ्यात स्मारक उभं राहिलं. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली, भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या भारतीय शिपायांच्या बाबतीत मात्र पलटणीचं नाव आणि पुढे फक्त आकडा. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने अशा भेदभावाबद्दल एप्रिल 2021 मध्ये अहवाल काढून जाहीर माफी मागितली. शंभरेक वर्षं सातारा-रत्नागिरीकडची कितीतरी पोरं त्या दगडावर केवळ एक संख्या होती. म्हणून रियाधमधल्या मराठी माणसाने "आपले शूर जवान" एवढ्यावर भागवू नये. हुद्दा, नाव, पलटण, वर्ष, असं एकेक म्हणावं. सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे, बॉम्बे इंजिनिअर्स, 1948, हे परमवीरचक्र मिळूनही जिवंत परतले. तेव्हा मृतांची यादी वेगळी आणि परतलेल्यांची वेगळी, ही काळजीही घ्यावी. जमलेल्यांपैकी कुणाच्या घरातलं नाव असेल तर ते सर्वांत आधी. उच्चार घरच्यांकडून आदल्या दिवशी विचारून घ्यावा.

पुष्पचक्राचा क्रमही याच न्यायाने लावावा. कुणी वीरमाता किंवा वीरपत्नी असेल तर पहिलं पुष्पचक्र तिचं. मग माजी सैनिक. हॉलचा खर्च देणारे आणि मंडळाचे पदाधिकारी त्यानंतर. दिल्लीच्या स्मारकातही रोज संध्याकाळी शहिदाच्या घरच्या माणसाच्या हातून पुष्पचक्र वाहिलं जातं. आपल्या कार्यक्रमपत्रिकेत हा क्रम उलटा पडला असेल, तर पत्रिका पुन्हा छापावी. तिच्यावर हुद्दा नावाआधी लिहावा आणि 'निवृत्त' नावानंतर. लष्करी संकेत तसा आहे.

माजी सैनिक पदकं लावून येणार असतील तर ती डाव्या छातीवर असतात. वडिलांची किंवा पतीची पदकं घरच्यांनी लावायची झाली तर राष्ट्रकुल देशांतल्या परंपरेप्रमाणे ती उजव्या छातीवर लावतात. साहेबांना खुर्ची पहिल्या रांगेत, कडेला नको. लास्ट पोस्टला ते गुडघे दुखत असतानाही उठतील. त्यांना खाली बसवू नका. मागे एक तरुण उभा ठेवा. त्यांच्याकडे माइक देण्याआधी विचारा, आणि नको म्हणाले तर तिथेच थांबा. युद्धात किती जणांना मारलं, हा प्रश्न लहान मुलांच्या तोंडूनही येऊ नये. पलटण कुठली, ठाणं कुठलं, जोडीदार कोण होते, हे विचारलं की बहुतेकजण मनापासून बोलतात.

सौदीच्या झेंड्यावर कलमा लिहिलेला आहे, म्हणून तो कधीच अर्ध्यावर उतरवत नाहीत. जानेवारी 2015 मध्ये राजे अब्दुल्ला वारले तेव्हाही उतरवला नाही. आपल्या कार्यक्रमात तो लावलात तर पूर्ण उंचीवर लावा. फुगा, केक, टोपी यांवर तो छापू नका. इथल्या धार्मिक दृष्टीत प्रतिमेपुढे किंवा स्मारकापुढे झुकणं बसत नाही. सौदी पाहुणे आणि आपलेही बरेच मुस्लिम सहकारी फूल वाहणार नाहीत, नुसते उभे राहतील. त्यांना आग्रह करू नये. कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद, 4 ग्रेनेडिअर्स, 1965, हे नाव उच्चारलं जात असताना जो ताठ उभा आहे, त्याची श्रद्धांजली पूर्ण झाली.

कार्यक्रमानंतर चहा होतो, फोटो होतात. फोटो मौनात आणि पुष्पचक्राच्या वेळी एकानेच काढावेत, बाकीच्यांचे फोन खिशात. साहेबांना घरी सोडायला गाडी ठरलेली असावी. आणि एक काम कार्यक्रमाच्या दिवशी होत नाही, पण त्याची चौकशी तिथेच करता येते. माजी सैनिकाला पेन्शन चालू राहण्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. बरेचजण तो नोव्हेंबरमध्ये देतात, आणि तेव्हाच ते मुलाकडे रियाधमध्ये असतील तर गोंधळ उडतो. दाखला दूतावासातून घेता येतो, ऑनलाइनही देता येतो. फॉर्म भरून द्यायला, दूतावासात गाडीने न्यायला आणि मोबाइलवरचा ओटीपी वाचून दाखवायला कोण येईल, ते त्याच चहाच्या टेबलावर ठरवून टाकावं.