पावनखिंडीची वाट आणि तारखेची गर्दी

पन्हाळगड ते पावनखिंड ही वाट मी पहिल्यांदा चाललो ती १९८९च्या जुलैत. कॉलेजातली आम्ही सात मुले होतो. दोन दिवसांत वाटेवर भेटले ते गुराखी आणि भातलावणीची माणसे. मसाई पठारावर धुक्यात वाट चुकलो, तर विचारायला कोणी नव्हते. यंदाच्या जुलैत त्याच पठारावर गेलो, तेव्हा वाट चुकणे शक्यच नव्हते. पुढच्याच्या पाठीवरची पिशवी पाहत चालायचे, एवढेच काम उरले होते.

‘फार गर्दी झाली’ असे प्रत्येक पिढी आपल्यानंतरच्या पिढीविषयी म्हणत असते, म्हणून या वाक्यावर माझा फारसा भरवसा नाही. शिवाय त्या गर्दीत मीही आहे. मधली कितीतरी वर्षे मुलांचे गट घेऊन मीच या वाटेने गेलो. तेव्हा तक्रार बाजूला ठेवून प्रश्न साधा विचारला पाहिजे. ही गर्दी नेमकी कशामुळे होते, आणि ती नुकसान कसे करते?

इतिहास वाचकांना ठाऊक आहे. सिद्दी जौहरचा वेढा, शिवा काशिद, भर पावसातली ती रात्र, घोडखिंडीत बाजीप्रभूंनी आणि बांदलांनी अडवून धरलेली फौज. परंपरा सांगते, की त्या रात्री महाराजांबरोबर सहाशेच्या आसपास माणसे होती. आज जुलैतल्या एखाद्या शनिवारी हा आकडा सहज ओलांडला जातो. सुमारे ५० किलोमीटरची ही चाल बहुतेक जण दोन दिवसांत करतात, मधला मुक्काम एखाद्या वाडीत असतो, आणि ज्या वाडीत मुक्काम पडतो तिथे पाणी, छप्पर आणि आडोसा हे सगळे दोनचारशे वस्तीच्या बेताचे असते.

आधी पठाराचे पाहू. मसाई पठार जांभ्या खडकाचे आहे. खडकावर मातीचा थर जेमतेम काही बोटांचा. पाऊस सुरू झाला की खळग्यांत पाणी साचते आणि तिथे सीतेची आसवे, गेंद, दवबिंदू अशा वनस्पती उगवतात. यांतल्या सीतेची आसवे आणि दवबिंदू किडे खातात, कारण या मातीत नत्र फार कमी. ते दुसरीकडून मिळवावे लागते. सप्टेंबरात लोक फुले पाहायला येतात, पण ही रोपे वाढतात जून-जुलैत. म्हणजे आपल्या मोहिमा पठारावर पोचतात त्या नेमक्या रोपे कोवळी असताना. २०२२ साली हे पठार संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाले, त्यामागे ही जैवसंपदाच आहे.

पायवाटांचा अभ्यास करणाऱ्यांनी एक गोष्ट जगभर पुन्हा पुन्हा नोंदवली आहे, आणि ती आपल्या समजुतीच्या उलट आहे. आपल्याला वाटते, दहापट माणसे तर दहापट नुकसान. तसे होत नाही. अस्पर्श गवतावर पहिली थोडी पावले पडतात, तेव्हाच बहुतेक हानी होऊन जाते. एकदा वाट उघडी पडली की तिच्यावरून पुढे शंभर गेले काय आणि हजार गेले काय, वनस्पतींच्या दृष्टीने फरक थोडा. खरे नुकसान होते ते माणसे वाट सोडतात तेव्हा. पावसात वाटेचा चिखल होतो. बूट वाचवायला पहिला माणूस कडेच्या गवतावरून जातो. दुसरा त्याच्या मागून. दुपारपर्यंत ती कडही चिखल होते आणि तिसरा आणखी बाहेर सरकतो. हातभर रुंदीची पायवाट अशी बैलगाडीच्या रस्त्याएवढी होते; मग तिला फाटे फुटतात, त्या फाट्यांतून पाणी वाहते आणि माती घेऊन जाते. म्हणजे ही वाट रुंद करतो तो चिखल टाळणारा माणूस. चिखलातून सरळ जाणारा तिला राखतो.

पठार उतरले की भातखाचरे लागतात, आणि जुलै म्हणजे लावणीचे दिवस. इथे माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. एका वर्षी चाळीस मुलांचा गट घेऊन मी एका वाडीखालून चाललो होतो. वाट पाण्याखाली गेली होती, म्हणून मी सगळ्यांना बांधावरून काढले. बांध कच्चा, पावसाने भिजलेला. मधेच ढासळला, आणि खालच्या वाफ्यातला तरवा आमच्या पायांखाली गेला. तरवा गेला की लावणी गेली, तेवढ्या तुकड्याचे वर्षाचे भात गेले. एक म्हातारी इरले सावरत आली. मी म्हणालो, “आजी, चुकलं. भरून देतो.” पैसे तिने घेतले नाहीत. म्हणाली, “बाळा, राजा या वाटंनं एकदाच गेला. तुम्ही वर्साला येताय.”

हे वाक्य मी विसरू शकलेलो नाही. पुढे माझ्या ध्यानात आले, की आजींच्या बोलण्यात ‘येताय’इतकेच महत्त्व ‘वर्साला’ला आहे. आपण सगळे एकाच सुमारास येतो. वर्षातले बाकीचे महिने ही वाट जवळजवळ रिकामी असते. तेव्हा ही गर्दी वाटेची कमी आणि तारखेची जास्त.

मग मी तारखेकडे वळलो. १२ आणि १३ जुलै १६६० या तारखा आपल्याला पाठ आहेत. पण मूळ तिथी शके १५८२ची आषाढी पौर्णिमा. तिची इंग्रजी तारीख इतिहासकारांनी दिली ती जुन्या, ज्युलियन पंचांगाची; इंग्लंडात ते १७५२पर्यंत चालू होते. आज भिंतीवर असते ते ग्रेगोरियन, आणि सतराव्या शतकात दोहोंत दहा दिवसांचे अंतर होते. म्हणजे आजच्या हिशेबाने ती रात्र २२ जुलैची. याचा पडताळा कोणालाही कागदावर घेता येईल. जानेवारी २०००च्या पौर्णिमेपासून २९.५३०५८८ दिवसांचे ४,१९९ चांद्रमास मागे मोजले, की आपण २२ जुलै १६६०लाच पोचतो. तिथी पाळायची म्हटली तर ती दरवर्षी हलते. २०२३मध्ये आषाढी पौर्णिमा ३ जुलैला होती, २०२४मध्ये २१ला, यंदा १०ला. पुढच्या वर्षी अधिक मासामुळे ती २९ जुलैला येईल. म्हणजे ज्या आठवड्यात आपण एकमेकांचे पाय तुडवतो, त्याला इतिहासाचा हट्ट नाही. हट्ट आपल्या शनिवार-रविवारचा आहे.

तारखेची अशी गर्दी दूरदेशीही होते. अमेरिकेतली अ‍ॅपलाचियन ट्रेल सुमारे ३,५०० किलोमीटरची. दक्षिणेकडून निघणाऱ्यांना हिवाळ्याआधी उत्तरेचे टोक गाठायचे असते, म्हणून बहुतेक जण मार्च-एप्रिलमध्ये निघतात आणि सुरुवातीचे निवारे भरून वाहतात. पश्चिमेकडची पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल सुमारे ४,२६५ किलोमीटरची. २०१२मध्ये ‘वाइल्ड’ हे पुस्तक आणि २०१४मध्ये त्यावरचा चित्रपट आला, तेव्हा तिथेही लोंढा वाढला. तिथला उपाय असा, की मेक्सिकोच्या सीमेवरून लांबच्या चालीला निघण्याचे परवाने दिवसाला ५०च. वाट कोणाला बंद नाही. निघण्याचा दिवस वाटून घ्यायचा. आपल्याकडे कास पठारावर रोज किती जणांना सोडायचे याची मर्यादा आहेच.

मर्यादा म्हटली की माझ्यासारख्याच्या मनात पहिली शंका येते ती शुल्काची. १९८९मध्ये आम्हां सात जणांच्या खिशात मिळून जे होते, त्यात एसटीचे भाडे कसेबसे निघाले. वाट पैशावर अडली, तर ती ज्यांची आहे त्यांचीच राहणार नाही. म्हणून मर्यादा माणसांची असावी, पैशाची नसावी. आणि ती वाड्यांनी ठरवावी. आपल्या शाळेत, देवळात, घरांत आज किती माणसे झोपू शकतील, किती जणांपुरते पाणी आहे, हे त्यांच्याएवढे कोणाला कळते? दुसरी शंका अभ्यासकाची. गर्दी दोन महिन्यांवर पसरली, तर पठाराला विसावाच मिळायचा नाही. ही शंका खरी आहे, आणि तिचे उत्तर पावलांच्या त्या नियमातच आहे. दिवस पसरावेत, वाट पसरू नये. कोणत्याही तारखेला निघा, पण एकाच खुणेच्या वाटेने, एकामागे एक, चिखल आला तर चिखलातून.

यंदा मी २२ जुलैला गेलो. मंगळवार होता. पठारावर पाऊस होता, धुके होते, आणि पुढे कोणाची पिशवी दिसत नव्हती. खाली त्याच खाचरापाशी थांबलो. आजी आता नाहीत. त्यांचा नातू लावणीत होता. बांधावर पाय न ठेवता मी गुडघाभर पाण्यातून वाट काढली. त्याने वर पाहिले आणि विचारले, “काका, एकटंच?” मी म्हटले, “हो. मोहीम मागच्याच आठवड्यात होऊन गेली.” तो म्हणाला, “व्हय, अजून बांध घालतोय.”