दहावीत अव्वल कोकण. पण सहावीच्या वर्गात मुले किती?

रत्नागिरी : दहावीचा निकाल जाहीर झाला की कोकण विभाग राज्यात पहिला, ही बातमी आता सवयीची झाली आहे. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांच्या कोकण विभागीय मंडळाचा निकाल २०२३ मध्ये ९८.११ टक्के, २०२४ मध्ये ९९.०१ टक्के, तर २०२५ मध्ये ९८.८२ टक्के लागला. याच तीन वर्षांत राज्याचा निकाल अनुक्रमे ९३.८३, ९५.८१ व ९४.१० टक्के होता. जिल्ह्याने अभिमान बाळगावा अशीच ही कामगिरी आहे. मात्र याच जिल्ह्यातील वाड्यावस्त्यांवर जिल्हा परिषद शाळेतील सहावी-सातवीचे वर्ग टिकणार की नाहीत, या चिंतेत पालक आहेत. हा विरोधाभास समजून घ्यायचा तर प्रथम लोकसंख्येकडे पाहावे लागते.

लोकसंख्या घटली, पट घटला

२००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार ७७७ होती. २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजार ६९ झाली. म्हणजे दहा वर्षांत सुमारे ८२ हजारांची घट. त्याच दशकात राज्याची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. २०११ मध्ये जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११०० हून अधिक स्त्रिया होत्या. याचा अर्थ येथे मुली अधिक जन्मतात असा नाही. सहा वर्षांपर्यंतच्या बालकांत मुलग्यांचीच संख्या जास्त होती. कमावत्या वयातील पुरुष मुंबई-ठाण्याकडे गेल्याचे हे प्रमाण आहे. पूर्वी चाकरमानी एकटा जात असे आणि बिऱ्हाड गावी राही. आता उपनगरांत संसार थाटला जातो, मुलेही तिकडेच शाळेत जातात. गावात राहतात ते आजी-आजोबा. त्यातच कुटुंबे लहान झाली आणि तालुक्याच्या ठिकाणी इंग्रजी माध्यमाच्या शाळा निघाल्या. या सर्वांचा परिणाम शाळेच्या पटावर होणे अपरिहार्य होते.

पटावर ठरतो शिक्षक

शाळेला किती शिक्षक मिळावेत, हे संचमान्यतेत पटसंख्येवरून ठरते. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीच्या प्रत्येक वर्गामागे किमान एक शिक्षक असावा आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा या तीन गटांना स्वतंत्र शिक्षक मिळावेत, अशी अपेक्षा आहे. राज्य शासनाच्या १५ मार्च २०२४ च्या निर्णयाने मात्र सहावी ते आठवीच्या गटात २० पेक्षा कमी विद्यार्थी असतील तर तेथे शिक्षकाचे पद मंजूर होणार नाही, असा निकष आणला. शिक्षक संघटनांनी त्याला तीव्र विरोध केला.

या निकषाचा अर्थ साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या शाळेत सहावीत सहा, सातवीत पाच व आठवीत सात, अशी अठरा मुले आहेत. शहरात एका वर्गाच्या दोन बाकरांगांत ती मावतील. पण या वाडीपुरती ती त्या वयाची सगळीच मुले आहेत. त्यातील कोणीही अभ्यासात मागे नसले, तरी नियमाच्या दृष्टीने त्यांच्यासाठी शिक्षक नाही.

शासनाची बाजूही दुर्लक्षिण्यासारखी नाही. २०२३ मध्ये शिक्षण विभागाने दिलेल्या आकडेवारीनुसार राज्यात २० किंवा त्याहून कमी पटाच्या १४ हजार ७८३ शाळा होत्या. इतक्या ठिकाणी विषयवार शिक्षक देणे खर्चाचे आहे. शिवाय चार-पाच मुलांच्या वर्गात संघ करून खेळणे, चर्चा करणे किंवा स्पर्धा घेणे कठीण जाते, हा मुद्दाही खरा आहे. त्यावर उपाय म्हणून समूह शाळांची कल्पना पुढे आली. अनेक छोट्या शाळांऐवजी मध्यवर्ती एक सुसज्ज शाळा आणि मुलांसाठी वाहन, असे तिचे स्वरूप.

तीन किलोमीटरचा अर्थ

उच्च प्राथमिक शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी, असा नियम आहे. देशावरच्या सपाट गावात तीन किलोमीटर म्हणजे सायकलची पंधरा मिनिटे. कोकणात तेच अंतर एक घाटी, दोन पऱ्हे आणि एका साकवाचे असू शकते. शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात, नेमका तेव्हाच पाऊस कोसळू लागतो. पाचवीपासूनच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा प्रवास मोफत आहे आणि मुलग्यांना सवलतीचा पास मिळतो. तथापि शाळेच्या वेळेला गाडी आली आणि ती वाडीच्या फाट्यापर्यंत पोहोचली, तरच पासाचा उपयोग. दापोली तालुक्यातील मुरूडच्या धोंडो केशव कर्वे यांना परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत पायी जावे लागले होते. ती जिद्द वंदनीय खरी, पण आज अकरा वर्षांच्या मुलीकडून तिची अपेक्षा ठेवणे योग्य नव्हे.

निकाल काय सांगतो?

दहावीच्या टक्केवारीत परीक्षेला बसलेल्यांपैकी किती उत्तीर्ण झाले, एवढेच दिसते. सहावीत असलेल्यांपैकी किती जण दहावीपर्यंत पोहोचले, हे त्यातून कळत नाही. शिवाय हा निकाल मागच्या वर्षांतील अध्यापनाचे फळ असतो. २०२४ मध्ये ९९ टक्क्यांची बाजी मारणारी तुकडी २०१९-२० मध्ये सहावीत होती. त्यानंतर, २०२३ मध्ये आंतरजिल्हा बदल्यांनी जिल्ह्यातून मोठ्या संख्येने शिक्षक गेले आणि २०२४ मध्ये नवा निकष आला. जून २०२४ मध्ये सहावीत दाखल झालेली मुले दहावीची परीक्षा देतील ती २०२९ मध्ये.

म्हणूनच वर्ग बंद करण्यापूर्वी पटाबरोबरच मुलांची वाट, पावसाळ्यातील वाहतूक आणि मध्यवर्ती शाळेतील विषयशिक्षकांची उपलब्धता वाडीनिहाय तपासली गेली पाहिजे. शाळा व्यवस्थापन समित्यांनीही सहावीत गेलेले प्रत्येक मूल दहावीला बसते की नाही, याची नोंद ठेवावी. जिल्ह्याचा खरा निकाल त्या नोंदीतूनच समजेल.