गोठ्यातली खबर

पहाटे ४.३०

दवाखाना उघडला की पहिली नजर फ्रीजमधल्या थर्मामीटरवर. लाळ्या खुरकुतीची लस २ ते ८ अंशांतच टिकते. तापली तर गेली, बर्फाला लागून गोठली तरी गेली, आणि बाटली मात्र दोन्ही वेळा तशीच दुधाळ दिसते. रात्री वीज किती वेळ गेली होती, हे परिचराला विचारूनच मी बाटल्या बाहेर काढतो. लसीचा डबा, आईसपॅक, प्रत्येक जनावराला वेगळी सुई, कानातले बिल्ले, ते मारायचा चिमटा. एखाद्या जनावराला लसीची रिॲक्शन आलीच तर ॲड्रिनॅलिन वरच्या खिशात.

पहाटे ५.१५

शिरोळ तालुक्यातला ऊसतोड टोळ्यांचा तळ. बीड, पाथर्डीकडून आलेल्यांच्या कोप्या, त्यांच्यासमोर उभ्या टायरगाड्या, बैलांपुढे वाढं. माणसं फडात जायच्या आत आम्हाला काम उरकायचं असतं. वेगवेगळ्या तालुक्यांतली जनावरं इथं एकाच हौदावर पाणी पितात, हंगाम संपला की आपापल्या गावी परततात. लाळ्या खुरकुतीचा विषाणू श्वासातून, लाळेतून, माणसाच्या चपलेतूनही जातो. म्हणून सबंध फेरीत मला सगळ्यात जास्त काळजी या तळाची असते.

बैलाच्या कानातला पिवळा बिल्ला हाताने पुसून बारा आकडे वाचायचे, फोनवर टाकायचे, की मागची लस कधी झाली ते कळतं. १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री आणि वाहतूक बंद आहे. तरी बिनबिल्ल्याचे बैल सापडतातच. त्यांना तिथंच बिल्ला आणि लस.

एक बाई कासरा धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "डॉक्टर, सुई दिली की बैल खात न्हाई. खाडा पडला तर मुकादम ऐकंल का?"

"मावशी, एखादा दिवस कणकण येईल, मानेवर गाठ येईल, ती जिरते. लाळ्या झाली तर मात्र महिनाभर बैल जुवाखाली जाणार नाही."

त्यांनी विचार केला आणि बैलाच्या कपाळावर हात ठेवून त्याला स्वतःच धरलं. मला हेच हवं असतं. वेसणीला हिसका नाही, शेपूट पिरगाळणं नाही, चौघांनी अंगावर पडणं नाही. ओळखीच्या हाताखाली बैल शांत उभा राहतो, सुई एका दमात आत जाते, लस सांडत नाही. दांडगाई करून टोचलेलं जनावर पुढच्या फेरीला मालकच लपवतो. जनावराला नीट वागवणं ही रोगनियंत्रणाची पहिली पायरी आहे, असं माझं पक्कं मत झालं आहे.

सकाळी ७.००

एका खिलार बैलाचा खांदा सुजलेला. जू बसतं तिथं कातडी गरम, मध्यभागी सोललेली, त्यावर माशा. मी बोट टेकवलं तसा त्याने पाठ आक्रसली. मॅगसल्फ आणि ग्लिसरिनचा लेप दिला, पण या दुखण्याचं खरं औषध एकच आहे, जू न ठेवणं. आणि तेच या कुटुंबाला परवडत नाही, कारण उचल आधीच घेतलेली असते.

१९६५ च्या नियमांप्रमाणे ओढकामाच्या जनावराला दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त राबवता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांवर गेला तर दुपारी बारा ते तीन गाडीला जुंपताच येत नाही. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या संहितेतही २००५ पासून प्राणिकल्याणाचे मापदंड आहेत. पण दुखावलेल्या बैलाच्या दिवसाची भरपाई कोण देणार, हे ठरल्याशिवाय ते नियम तळापर्यंत पोचणार नाहीत. कारखान्यांनी बदली बैलजोड्या ठेवल्या तर हे होऊ शकतं. मुकादमाशी बोलून त्या बैलाला तीन दिवसांची सुट्टी तेवढी मिळवली.

सकाळी ९.३०

दवाखाना. कृत्रिम रेतन, अडलेली शेळी, जंताचं औषध.

दुपारी १२.१०

फोन. "डॉक्टर, कुणाला सांगू नका, पण गाय लाळ गाळतेय. लंगडतेय पण."

कुणाला सांगू नका. हे वाक्य मला दर हंगामात ऐकायला मिळतं. दूध बंद होईल, बाजारात भाव पडेल, शेजारी बोलतील, ही भीती खोटी नाही. देशही असेच घाबरतात. रोग जाहीर केला की निर्यात थांबते, म्हणून दडपायचा मोह होतो. १९२० साली भारतातून ब्राझीलला निघालेली वशिंडाची गुरं बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात थांबली आणि त्यांच्याबरोबर आलेला बुळकांडीचा जीवघेणा रोग तिथल्या गुरांत शिरला. त्या दणक्यानं देश एकत्र आले. २५ जानेवारी १९२४ ला पॅरिसमध्ये २८ देशांनी करारावर सह्या केल्या, आणि आजची जागतिक पशुआरोग्य संघटना उभी राहिली. तिचं अगदी पहिलं काम होतं एकमेकांना रोगाची खबर देणं. आज तिचे १८३ सदस्य आहेत. आपल्याकडे २००९ च्या कायद्यानं मालकावरही रोग कळवायची जबाबदारी टाकली आहे. पण मी फोनवर कायदा सांगत बसलो नाही. "दादा, फोन केलात हे फार चांगलं केलंत. गाय बाहेर काढू नका, मी निघालोच," एवढंच म्हणालो.

दुपारी १.००

गोठ्याच्या तोंडाशी बूट सोड्याच्या पाण्यात बुडवले. आत शिरायच्या आधीच मचमच ऐकू आली. संकरित गाय, ओठांपासून जमिनीपर्यंत लाळेची तार, ताप. जीभ बाजूला घेतली तर वरची साल सुटून खाली लालभडक मांस. खुरांच्या बेचक्यात फोड. चारा पुढ्यात होता, तिला भूकही होती, पण तोंड लावलं की ती मागं सरत होती.

तोंड पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या पाण्यानं धुतलं, जिभेला बोरोग्लिसरिन लावलं, खुरं धुतली, वेदना कमी करायचं इंजेक्शन दिलं. मऊ हिरवा चारा, कोंड्याचं आंबोण. वासराला तिच्याखाली सोडायचं नाही, कारण हा विषाणू लहान वासरांच्या हृदयावर जातो आणि ती उभ्या उभ्या कोसळतात. ती माउली हंबरत राहिली, वासरू पलीकडे दावं ताणत राहिलं. औषधोपचारातला मला हा सगळ्यात जड भाग वाटतो.

सुटलेल्या सालीचा तुकडा चिमट्यानं उचलून ग्लिसरिनच्या बाटलीत ठेवला. पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागामार्फत असे नमुने पुढे भुवनेश्वरच्या राष्ट्रीय संस्थेकडे जातात. तिथं विषाणू ओ, ए की एशिया-१, हे ठरतं. आपल्या लसीत हे तीनच असतात, त्यामुळं गोठ्यातला विषाणू लसीशी जुळतो का, हे सतत तपासत राहावं लागतं. एकट्या देशानं हे करून पुरत नाही. ओ प्रकारातला पॅन-एशिया उपप्रकार १९९० मध्ये उत्तर भारतात सापडला, आणि २००१ मध्ये तोच ब्रिटनमध्ये पोचला तेव्हा तिथं साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. २००१ मध्ये आपल्याकडे ओळखला गेलेला दुसरा एक उपप्रकार २०१३ ला लिबियात होता. २०२५ च्या जानेवारीत बर्लिनजवळच्या म्हशींत लाळ्या खुरकूत निघाली, तीही जर्मनीत १९८८ नंतर पहिल्यांदा. इंग्लंडमधल्या पिरब्राइटची प्रयोगशाळा जगभरचे नमुने ताडून बघते, म्हणून हे प्रवास कळतात. या मालकाच्या गाईच्या जिभेची साल त्याच कामाचा भाग आहे, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मग नाव कळलं तरी चालंल."

दुपारी ४.००

आजूबाजूच्या गावांत लसीकरण. हे बाहेरून आत करत यायचं असतं. आधी लांबचे गोठे, मग जवळचे, आजारी गोठ्याच्या शेजारचे शेवटी, म्हणजे आम्हीच रोग बाहेर नेत नाही. हद्दीपलीकडे बेळगाव जिल्हा. तिकडच्या पशुवैद्यकाला फोन लावला. गाड्या दोन्हीकडे जातात, त्याला आजच कळायला हवं. त्याने उद्यापासून आपल्या बाजूनं लस सुरू करतो म्हणून सांगितलं.

संध्याकाळी ६.४५

नोंदी. लसीच्या 'भारत पशुधन' ॲपवर. संशयित रोगाचा अहवाल आजच जिल्ह्याला, तिथून पुण्याला आयुक्तालयात, मग दिल्लीला. एखादा नवा रोग देशात पहिल्यांदा उमटला तर तो निश्चित झाल्यापासून २४ तासांत पॅरिसच्या जागतिक पशुआरोग्य संघटनेला कळवावा लागतो. लाळ्या खुरकूत आपल्याकडे कायमची, त्यामुळं तिचे आकडे सहामाही अहवालात जातात.

माझ्या बरोबरीच्या डॉक्टरांनी बुळकांडी पाहिलेली नाही. भारतातला तिचा शेवटचा उद्रेक १९९५ चा. तिला संपवायच्या मोहिमेला युरोपीय संघाचा पैसा होता, आफ्रिका-आशियातले देश एकाच वेळी कामाला लागले होते, गावोगाव लस आणि नंतर गावोगाव शोध घेतला गेला. २०११ मध्ये बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसानं संपवलेला हा दुसराच रोग. आता २०३० पर्यंत शेळ्या-मेंढ्यांतली पीपीआर संपवायचं जगानं ठरवलं आहे. ते होईल असं मला वाटतं, पण खबर लपली नाही तरच.

रात्री ८.१५

बूट, कपडे, सुयांची विल्हेवाट. त्या गाईनं दोन घास मऊ चारा खाल्ल्याचा निरोप आला.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या दावणीला जनावर आहे त्यांना एवढीच विनंती. लाळ, ताप, लंगडणं, अंगावर गाठी, यातलं काहीही दिसलं तर जनावर बाजाराला नेऊ नका, वेगळं बांधा आणि त्याच दिवशी जवळच्या दवाखान्यात सांगा किंवा १९६२ वर फोन करा.