लेकरू कोणाकडे, पाळण्यात कोण?

वांकिडीहून हैदराबादला जाणाऱ्या आईबापांनो, रविर्यालचं वंडरला हे मनोरंजन उद्यान (सुरू २०१६) बघणार असाल तर हे वाचाच. तिथला 'रिकॉइल' रोलर कोस्टर पुढे जातो, अन् मग तसाच उलटा मागे येतो! पण उंचीची अट असते. लहानग्यांना चढू देत नाहीत.

डिस्ने पार्कांत यावर 'रायडर स्विच' आहे: एक जण बसून येतो, दुसरा लेकरू सांभाळतो, मग त्याची पाळी पुन्हा पूर्ण रांग न लावता. युनिव्हर्सल याला 'चाइल्ड स्वॅप' म्हणतं. आपल्याकडे अशी सोय आहे का, हे रांगेत शिरण्याआधीच गेटवर विचारा. नसेल तर सकाळी, गर्दी वाढण्याआधी पाळ्या उरका. अन् पहिली पाळी आईची, बरं का!